चौकात लग्न लावायचं का? लष्करातल्या एका वाड्याचा प्रकरण अभ्यास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक दोनचौकी, म्हणजे आत दोन मोकळी अंगणं असलेला वाडा आहे. वारसांनी सार्वजनिक न्यास करून तो वस्तीला खुला केला. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी गाण्याचे आणि तबल्याचे वर्ग, महिन्यातून एक बैठक, गणपतीचे दहा दिवस, वर्षातून एकदा कीर्तन सप्ताह, असं त्याचं चाललेलं असतं. खर्च कसाबसा भागत होता आणि गच्ची गळत होती. अशात एका केटररचं पत्र आलं. लग्नसराईचे दिवस वाडा आमच्याकडे द्या, पाच वर्षांचा करार करू, गच्चीच्या दुरुस्तीची सगळी रक्कम आगाऊ देतो, असा प्रस्ताव होता. या पत्रावर काही महिने खल झाला. न्यासाचा चिटणीस मी आहे, त्यामुळे सभांची इतिवृत्तं माझ्याच हातची. ज्यांच्या ताब्यात जुने वाडे आहेत आणि ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो. कुटुंबाची इच्छा नाही म्हणून घराण्याचं नाव आणि गल्ली दिलेली नाही.

वाडा आणि वस्ती

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि उज्जैनऐवजी राजधानी इथे आली. हळूहळू तंबूंच्या जागी घरं उभी राहिली. सरदारांमागून कारकून, पुजारी, वैद्य, कीर्तनकार, गवई असा सगळा संसार आला. चिटणीसांची गोठ, दाणाओळी, फालका बाजार ही नावं अजून तशीच आहेत. आमचा वाडा दरबारी हिशेब सांभाळणाऱ्या एका घराण्याचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आराखडा देशावरचा आहे: दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, भोवती ओसरी, वर दिवाणखाना, मागे दुसरा चौक, विहीर आणि तुळशीवृंदावन. साहित्य मात्र इथलं. पुण्याकडे जिथे लाकडी तक्तपोशी असती तिथे इथे वालुकाश्माच्या लांब पाट्या टाकून छत केलं आहे. कठडे आणि झरोके दगडी जाळीचे. सागवानी खांब आणि तुळया आहेत त्या दिवाणखान्यात आणि चौकाभोवतीच्या सज्जात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या जाड भिंतींचं मोल कळतं.

अशा घरांचे शहरात दोन नामांकित नमुने लोकांच्या डोळ्यांपुढे असतात. जयविलास राजवाड्यातलं संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तिथे राजवाड्याची भव्यताच लोकांना खेचते. जीवाजीगंजातलं सरोदघर हे उस्ताद हाफिज अली खाँ यांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय. तिथे उस्तादांचं नाव आणि त्यांच्या पुढच्या पिढीचं नाव पाठीशी आहे. आमच्या वाड्यात राजा राहिला नाही की उस्तादही. संरक्षित स्मारकांच्या यादीत तो नाही, त्यामुळे सरकारी बंधन नाही आणि सरकारी पैसाही नाही. लष्करातल्या बहुतेक जुन्या घरांची हीच गत आहे. म्हणूनच मला आमचं प्रकरण जास्त कामाचं वाटतं.

न्यास कसा बांधला

ही बाजू थोडक्यात सांगतो, पण सगळं तिच्यावर उभं आहे. वारस पुण्यात, इंदुरात, बंगळुरात आणि परदेशात विखुरलेले. मालकी आपल्याकडे ठेवायची आणि वाडा नुसता ‘वापरायला’ द्यायचा, असा पहिला बेत होता. वकिलांनी तो खोडून काढला. एखादा वारस गेला की त्याच्या मुलांच्या सह्या लागणार, एकाने वाटणी मागितली की सगळं ठप्प. शेवटी वाडा न्यासाच्या नावे झाला आणि मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली नोंदला गेला. या कायद्यात जिल्हाधिकारी हे न्यासांचे रजिस्ट्रार असतात. विश्वस्तांत घराण्याची माणसं आहेत, वस्तीतली आहेत, संगीत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. घराण्याने एकच हक्क राखला: देवघर आणि गणपतीची पूजा. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं, आणि हे मोठ्या मनाचं होतं असं मी मानतो.

पैशाची बाजू अशी. रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांचं भाडं, अभ्यासिकेची महिन्याची फी, वर्गांचा वाटा, वर्गणीदार आणि देणग्या. खर्चात रखवालदार आणि झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार पहिला, मग वीज, मग कार्यक्रम. डागडुजी सगळ्यात शेवटी, उरलं तर. आणि उरत काही नव्हतं. केटररचं पत्र आलं तेव्हा दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या तुळईखाली पावसाळ्यात बादली ठेवावी लागत होती.

तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पाणी मुरलं की लाकूड आतून जातं. बाहेरून रंग चांगला दिसतो. आमच्या पुण्याच्या विश्वस्त, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो आणि ज्या जुन्या इमारतींच्या वास्तुविशारद आहेत, त्यांनी पेचकसाने टोचून दाखवलं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्या दिवसापासून गच्चीबद्दल कोणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालं नाही.

दोन्ही बाजू

प्रस्तावाच्या बाजूने सगळ्यात ठाम होते काकासाहेब. ए.जी. ऑफिसातून (महालेखापाल कार्यालयातून) निवृत्त झालेले, घराण्यातले थोरले, आणि हिशेबाला पक्के.

“या चौकात माझ्या तिन्ही आत्यांची लग्नं लागली,” ते म्हणाले. “वाडा माणसांनी भरावा म्हणूनच आजोबांनी एवढा चौक ठेवला. तुम्ही त्याचं म्युझियम करायला निघालात. आणि गच्चीला पैसे कुठून आणता, तेही सांगा.”

ताईंनी उत्तर दिलं ते असं: “काका, लग्नाला माझी ना नाही. पण तेव्हाचं लग्न आणि केटररचं लग्न यांत वाड्यावर काय काय चढतं ते एकदा मांडून बघू. मग तुम्ही म्हणाल तसं.”

हे मांडून बघणं महत्त्वाचं ठरलं. एरवी अशा सभांमध्ये एक गट ‘वारसा’ म्हणतो, दुसरा ‘व्यवहार’ म्हणतो आणि दोघेही घरी जातात. आमच्याकडे एक पुरावा हाताशी होता. आदल्याच वर्षी घराण्यातल्या एका मुलीचं लग्न हौसेने चौकात लावलं होतं. पाहुणे तीनशेच्या आसपास. लग्न देखणं झालं. दुसऱ्या दिवशी मी आणि रखवालदार चौकात फिरलो. मांडवाचे पाइप उभे राहावेत म्हणून फरशीच्या सांध्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, चार फरश्यांचे कोपरे उडाले होते. रोषणाईची कमान ओसरीच्या खांबांना दोराने आवळलेली, तिथे केळफुलाच्या नक्षीची एक पाकळी तुटली होती. दुसऱ्या चौकात भट्ट्या होत्या, तिथल्या भिंतीवर काजळीचा पट्टा. आणि फरशीवर तेल. वालुकाश्म तेल पितो. साबणाने घासलं की डाग पसरतो, ॲसिड टाकलं तर दगडाचा पापुद्रा निघतो. मुलतानी मातीचा जाड लेप देऊन, तो झाकून ठेवून, वाळला की खरवडून पुन्हा नवा लेप, असं करत डाग फिके झाले. पुरते गेले नाहीत. दुसऱ्या चौकात विहिरीजवळ ते आजही दिसतात आणि नवीन सभासदांना मी मुद्दाम दाखवतो.

हे एका लग्नाचं. करारात एका हंगामातली सगळी मुहूर्तं होती.

वहीतली नोंद

काकासाहेबांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नव्हता. लग्नं खरंच झाली होती, दर पिढीत झाली होती, आणि वाडा उभा होता. याचं उत्तर वाड्याच्याच दप्तरात सापडलं.

देवघराशेजारच्या कोनाड्यात कापडी रुमालांत बांधलेली कागदपत्रं होती. बरीचशी मोडीत. न्यासाने मोडी शिकवणाऱ्या एका गृहस्थांना वर्ग घ्यायला बोलावलं होतं, आणि सरावासाठी त्यांनी याच रुमालांतले कागद घेतले. त्यात १९४०च्या दशकातली एका लग्नाच्या खर्चाची वही निघाली, काकासाहेबांच्या मधल्या आत्याच्या लग्नाची. पाट किती, पत्रावळी किती, सरपण किती, आचारी किती, सगळं लिहिलेलं. आणि एका ओळीत आचाऱ्यांच्या मांडवाची नोंद: वाड्यामागच्या मोकळ्या जागेत. चुली वाड्यात पेटल्याच नव्हत्या. जेवणाच्या पंगती ओसरीवर आणि चौकात, एकामागून एक, बसून. वहीच्या शेवटी लग्नानंतरचा खर्च: शेणसारवण, चुन्याचा हात, दोन गवंड्यांची मजुरी.

वाड्यामागची ती मोकळी जागा आता नाही. तिथे तीन मजली इमारत आहे. काकासाहेबांनी वही दोनदा वाचून घेतली. त्यांचं मत त्या दिवशी बदललं नाही, पण प्रश्न बदलला. लग्न नको असं आता कोणी म्हणत नव्हतं. वाडा किती सोसतो आणि किती नाही, यावर बोलणं सुरू झालं.

वजन, आग आणि आवाज

ताईंनी हिशेब फळ्यावर मांडला. आपल्याकडच्या इमारतींच्या मानकात राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. लोक उभे राहून जमणार असतील अशा सभागृहाला सुमारे ५००. आमचा दिवाणखाना ३६ फूट बाय १६ फूट, म्हणजे जवळपास ५३ चौरस मीटर. सतरंजीवर ८० माणसं मांडी घालून बसली तर चौरस मीटरला १०० किलोच्या आतबाहेर भार येतो. तीच जागा उभ्याने जेवणाऱ्यांनी, टेबलांनी आणि भांड्यांनी भरली की तो तिप्पट होतो, आणि नाच सुरू झाला की हादरे वेगळे. कुजलेल्या टोकाच्या तुळईवर हा प्रयोग करायचा का, एवढंच ताईंनी विचारलं. बसण्याची पद्धत हीच वाड्याची मर्यादा राखत आली होती. सतरंजी अंथरली की माणसं आपोआप मोजकी होतात.

आगीबद्दल फार बोलावं लागलं नाही. इंदूरचा राजवाडा सगळ्यांनी पाहिलेला आहे: खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४च्या आगीत त्याचं काय झालं हे माळव्यात आणि इकडे ग्वाल्हेरात मोठ्यांना आठवतं, आणि तो पुन्हा उभा करायला किती वर्षं गेली तेही. आमच्या सज्जाखाली गॅसच्या टाक्या आणि जनरेटर ठेवायचा प्रस्ताव होता.

आवाजाचा मुद्दा वस्तीने आणला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. कागदावर सगळ्यांना माहीत असतं. समोरच्या घरातले चाचा, ज्यांच्या घरी तीन पिढ्या तबल्याला शाई भरण्याचं काम चालतं, सभेत उठून म्हणाले, “कीर्तन का शोर हमें कभी शोर नहीं लगा. आप के यहाँ का गाना सुन के तो बच्चे सोते हैं. पर डीजे में तो दीवार काँपती है, जनाब.” गल्ली आठ फुटी. वरात आली की रुग्णवाहिकाही आत यायची नाही, हे त्यांच्या सुनेने सांगितलं. त्यांच्या घरात एक आजारी माणूस होतं.

ग्वाल्हेरात तानसेन समारोहाची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मीलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिपठणाने होते. तानसेनाच्या समाधीपाशी दोन्ही एकामागून एक. हे शहर गाण्याच्या आसपास एकत्र बसत आलं आहे. आमच्या कीर्तन सप्ताहाला चाचांच्या घरची माणसं ओसरीवर असतात. वस्तीचा हा सलोखा कुठल्या हिशेबात धरत नाहीत. मी इतिवृत्तात तो मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहिला, कारण केटररच्या पैशांत हीच गोष्ट पहिल्यांदा खर्च झाली असती.

हंगाम हा आणखी एक मुद्दा, आणि मला तो निर्णायक वाटला. तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीपर्यंत आणि पुन्हा एप्रिल ते जून लग्नं. इकडे वाड्यात बसता येतं ते नेमकं हिवाळ्यात आणि वसंतात. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या निमित्ताने शहरात गाणाऱ्यांची ये-जा असते. मुलांच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा अभ्यासिका गच्च. आणि चुन्याचं काम करायचं तर पावसाळ्यानंतर, मोठं ऊन सुरू व्हायच्या आत. भर उन्हाळ्यात चुना पाणी धरत नाही, तडकतो. म्हणजे करार केला तर वाड्याचे सगळे चांगले महिने केटररकडे आणि न्यासाकडे उन्हाळ्याची दुपार आणि गळता पावसाळा. दुरुस्तीसाठी पैसे मिळाले असते, दुरुस्ती करायचे दिवस मिळाले नसते.

कायद्याची अट आणि आगाऊ रक्कम

१९५१च्या अधिनियमातलं कलम १४ असं आहे: न्यासाची बिगरशेती इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर रजिस्ट्रारची पूर्वपरवानगी लागते. नाहीतर तो करार ग्राह्य नाही. पाच वर्षांचा करार तिथेच अडला. केटररने लगेच तीन वर्षं आणि मग नूतनीकरण असा मसुदा आणला. आमचे वकील म्हणाले, कागद कायद्यात बसतो, पण आगाऊ रक्कम गच्चीत घातल्यावर तुम्ही नूतनीकरण नाकारणार कसे? परत द्यायला पैसे असतील का? नसतील. मग वाडा तुमचा राहिला कुठे?

सी.ए.ने दुसरी बाजू सांगितली. धर्मादाय न्यासाला आयकरात सवलत मिळते ती त्याच्या उद्देशासाठी. ऐतिहासिक वास्तूंचं जतन हा उद्देश कायद्यात स्पष्ट आहे, आणि उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच कामी लावावे लागतात. मुख्य उत्पन्न लग्नाच्या भाड्याचं झालं की हा न्यास जतन करतो की कार्यालय चालवतो, हा प्रश्न कुठल्याही वर्षी विचारला जाऊ शकतो. व्यवसायाचा हिशेब वेगळा ठेवून मार्ग निघतो, पण त्यासाठी वेगळा माणूस लागतो. आमच्याकडे हिशेबाला काकासाहेब एकटे.

काय ठरलं

प्रस्ताव नाकारला. काकासाहेबांनी विरोधात मत नोंदवलं आणि तसं इतिवृत्तात आहे. मतदान झालं म्हणून मला वाईट वाटलं नाही. एवढ्या मोठ्या बाबतीत सगळ्यांचं एकमत झालं असं लिहून घेणं चुकीचं झालं असतं.

पण नुसता नकार पुरणार नव्हता. मोठी लग्नं नाहीत, छोटी मंगलकार्यं हवीत, असं ठरलं. मुंज, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, नोंदणी झाल्यानंतरचं घरगुती लग्न. माणसं ८०, बसून. पदार्थ बाहेरून शिजवून आणायचे, वाड्यात चूल किंवा गॅस पेटणार नाही. खांबाला दोर बांधायचा नाही, फरशीत काही ठोकायचं नाही. मांडव हवा तर पायात वाळूच्या गोण्या घातलेले खांब. जेवणाखाली ताडपत्री आणि वर सतरंजी. ध्वनिक्षेपक फक्त दिवसा आणि चौकापुरता. या अटी एका पानात मराठीत आणि हिंदीत लिहून देवडीत लावल्या आहेत. दक्षिणा कोणाला किती द्यायची याचाही भाव ठरवून टाकला, म्हणजे रखवालदाराला मागावं लागत नाही आणि यजमानाला अंदाज राहतो.

सगळ्यात मोठा बदल हिशेबाच्या वहीत झाला, आणि तो काकासाहेबांनीच सुचवला. विरोधात मत दिल्यावर पुढच्याच सभेत ते म्हणाले, “लग्नं नकोत म्हणता ना? मग वाड्याचा वाटा आधी काढा. आत्याच्या लग्नाच्या वहीत गवंड्याचे पैसे त्याच पानावर आहेत. आपण ते शेवटी ठेवतो.” तेव्हापासून कुठलीही रक्कम आली, अगदी अभ्यासिकेची फी असली तरी, तिचे तीस टक्के आधी डागडुजीच्या वेगळ्या खात्यात जातात. त्या खात्यातून पैसे काढायला तीन सह्या लागतात आणि त्यातली एक वस्तीतल्या विश्वस्ताची. पगार आणि वीज उरलेल्या सत्तर टक्क्यांत. न भागल्यास कार्यक्रम कमी होतात, डागडुजी नाही.

मी हे सगळ्यांना आवर्जून सांगतो. ज्या वाड्यांत केंद्रं बंद पडलेली मी पाहिली, तिथे कार्यक्रम उत्तम होते. व्याख्यानं, प्रदर्शनं, मोठी माणसं. वाड्याच्या अंगावर मात्र कोणी हात ठेवत नव्हतं, आणि एका पावसाळ्यात छप्पर बसलं की कार्यक्रमही गेले.

पुढे काय झालं

गच्चीला दोन हिवाळे लागले. आधी भाडेकरूंच्या काळातले सिमेंटचे आणि डांबराचे थर काढले. गच्चीवरून उतरलेला तो मलबा पाहिला तेव्हा एवढं वजन तुळया इतकी वर्षं कसं पेलत होत्या याचं सगळ्यांना नवल वाटलं. सिमेंटने ओल आत कोंडली होती, दिवाणखान्याच्या भिंतीला लोणा लागला होता तो त्यामुळेच. मग चुन्याचा कोबा: भिजवलेला चुना, सुरखी (विटांची भुकटी), विटांचे तुकडे, आणि पाण्यात गूळ, मेथी आणि बेलफळाचा रस. बायका रांगेने बसून थापीने दिवसचे दिवस ठोकत होत्या. ठोकणं पुरेसं झालं की थापीचा आवाज बदलतो, मंद थपथप जाऊन टणक टकटक येते. आमच्या तबल्याच्या वर्गातली मुलं ते ऐकायला वर यायची. कुजलेलं तुळईचं टोक कापून तिथे नव्या सागाचा जोड दिला. आता पावसाळ्यात बादली लागत नाही.

पैसे उभे राहिले ते थोडे थोडे. वर्गणीदार वाढले. घरगुती कार्यांची मागणी अपेक्षेपेक्षा जास्त आली, विशेषतः मुंजींची. पुण्या-मुंबईत राहणारी ग्वाल्हेरची कुटुंबं नातवाची मुंज इथे करायला येतात. प्री-वेडिंग फोटोंची मागणीही येते. त्याला सकाळचे ठरावीक तास आणि ठरावीक भाव ठेवला आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून सर्जनशील शहरांच्या यादीत घेतल्यापासून बाहेरगावचे लोक बैठकांची चौकशी करतात. त्यांच्यासाठी वेगळा ‘शो’ करायचा नाही असं संगीत शिकवणाऱ्या बाईंनी निक्षून सांगितलं. बैठक आहे त्या दिवशी या, सतरंजीवर बसा आणि ऐका. बैठक ध्वनिक्षेपकाशिवाय होते. दिवाणखान्यात लाकडी तुळया आणि चुन्याच्या भिंती असल्यामुळे खुल्या आवाजातलं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतं, बंदिशीचे शब्द सुटत नाहीत. ग्वाल्हेरची गायकी बंदिशीवर एवढा भर का देते, ते अशा खोलीत बसून ऐकलं की समजतं. शिकणाऱ्या मुलांना इथे गायला मिळावं म्हणून महिन्याच्या बैठकीतला पहिला अर्धा तास त्यांचाच.

सगळंच जमलं असं नाही. वारसा-फेरी सुरू केली होती, ती चालली नाही. गल्लीतून माणसं नेताना लोकांच्या घरांत डोकावणं होतं, ते वस्तीला रुचलं नाही, बंद केली. पगड्या, दौती, तराजू यांचं छोटं प्रदर्शन मांडलं, पण त्याची निगा राखायला माणूस नाही, म्हणून मे-जूनमध्ये ते बांधून ठेवावं लागतं. मोडीचा वर्ग मात्र टिकला आहे. रुमालांतले अर्ध्याहून अधिक कागद अजून वाचायचे आहेत, आणि वाचणाऱ्यांत दोन मुलं अभ्यासिकेतली आहेत, जी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतून उठून तासभर मोडी लावत बसतात.

बडोद्याच्या तांबेकर वाड्यात भिंतींवरची चित्रं वाचली, कारण वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आला. ते फार मोलाचं काम आहे. पण लष्करातले सगळे वाडे कुठल्याही खात्याकडे जाणार नाहीत. ते राहत्या माणसांनाच सांभाळावे लागतील, आणि त्यासाठी वाडा रोज उघडा लागतो. सकाळी सहाला अभ्यासिकेसाठी दिंडी उघडते तेव्हा पन्हाळी तुंबली, कुठे ओल आली, कबुतराने जाळीत घरटं केलं, हे कोणाच्या तरी डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे हे कळवायची वही देवडीत टांगलेली आहे. तिच्यात सगळ्यात जास्त नोंदी विद्यार्थ्यांच्या असतात.

गुढीपाडव्याला न्यासाचा हिशेब चौकात वाचून दाखवतो, कोणीही येऊन विचारू शकतं. या वर्षी भजनी मंडळातल्या मामींनी उभं राहून विचारलं की दिवाणखान्यात बैठक असते, जिना उभा आहे, आणि आमचे गुडघे गेलेत. आम्ही ऐकायचं कुठे? प्रसाधनगृहही दुसऱ्या चौकाच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. प्रश्न रास्त आहे. जिन्याला हात लावायचा नाही, पण उन्हाळा सोडून एरवीच्या बैठका खाली ओसरीवर घेता येतील का, हे बाई पुढच्या महिन्यात गाऊन पाहणार आहेत. प्रसाधनगृहासाठी ताईंनी दोन आराखडे पाठवले आहेत, एक देवडीलगतच्या खोलीत आणि एक मागच्या भिंतीला टेकून. देवडीतल्या खोलीत जमिनीखालून नळ न्यावा लागेल, मागच्या भिंतीला ओल येईल. काकासाहेब देवडीच्या बाजूने आहेत. डागडुजीच्या खात्यात दोन्हींपैकी एकापुरते पैसे आहेत, आणि दिवाळीनंतर काम सुरू करायचं ठरलं आहे.